खंजिरीवाला जिप्सी

टेनरची टंचाई हे इंग्लंडमधल्या हौशी ऑपेरा मंडळ्यांचं जुनं दुखणं. त्यामुळे मिडलंड्समधल्या आमच्या चिमुकल्या कंपनीने बाल्फचा ‘द बोहेमियन गर्ल’ करायचं ठरवलं, तेव्हा नायकाचं काम चालत माझ्याकडे येणार, हे मी गृहीतच धरलं होतं. लहानपणापासून नाट्यगीतं गाणारा माणूस मी. नायक थॅडियस म्हणजे परागंदा पोलिश सरदार. सरदार नसलो तरी परागंदा मी आहेच. चाचणीत शेवटच्या सुरावर सवयीने एक तान घेतली. पियानोवाल्या बाई हात मांडीवर ठेवून ती संपायची वाट बघत राहिल्या. दिग्दर्शिका प्रसन्न हसून म्हणाल्या, “जिप्सींच्या कोरसमध्ये तुम्ही काय शोभाल!”

थॅडियस एका निवृत्त दंतवैद्याला मिळाला. मला खंजिरी.

म्हणायला हा इंग्लिश ऑपेरा. संगीतकार डब्लिनचा, गोष्टीचं मूळ सर्व्हांटिसच्या कथेत, आणि ती घडते आजच्या ब्रातिस्लाव्हाच्या आसपास. शब्द तेवढे इंग्लिश, तेही आल्फ्रेड बनचे. 1843 साली ज्या ड्रुरी लेन थिएटरात हा ऑपेरा आला, ते चालवणाराही बनच. मालकच कवी म्हटल्यावर ओळ बदला असं सांगणार कोण? ‘पंच’ साप्ताहिकाने मात्र त्याची यथेच्छ टर उडवली.

सहा वर्षांच्या अर्लीनला थॅडियस रानटी जनावरापासून वाचवतो, जिप्सी तिला पळवतात आणि बारा वर्षांनी त्याच थॅडियसवर तिचं प्रेम बसतं. त्याचं वय मधल्या काळात बहुधा विंगेत थांबलेलं असतं. संगीत नाटकावर वाढलेल्या मला यात काहीच खटकलं नाही. अर्लीनवर चोरीचा आळ येतो, तिला न्यायाधीशासमोर आणायचंय. न्यायाधीश म्हणजे तिचाच बाप, काउंट; त्याला पत्ता नाही. अशा आणीबाणीत काउंटसाहेब आधी हरवलेल्या मुलीच्या आठवणीने एक अख्खं पद गाऊन घेतात! मला थेट गंधर्व मंडळी आठवली. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं 1880 मध्ये, म्हणजे बाल्फनंतर बऱ्याच वर्षांनी, पण धर्म एकच: गाणं आलं की कथानकाने बाजूला उभं राहायचं. आणि ‘स्वयंवर’! भास्करबुवांच्या चाली, बालगंधर्वांचा गळा आणि वन्समोअरवर वन्समोअर. रुक्मिणीचं लग्न लांबलं तर लांबलं, घाई होती कुणाला? लोक पहाटे घरी जात. मी दिग्दर्शिकांना सुचवलं, की प्रेक्षकांनी मागणी केली तर दंतवैद्यांनी पुन्हा गावं, आणि दुसऱ्या खेपेला निराळं गावं. त्या म्हणाल्या, चर्चच्या हॉलला दहाला कुलूप लागतं.

रंगीत तालमीला सगळ्या जिप्सींच्या गालांवर तपकिरी पावडर फिरली. माझ्यापाशी आल्यावर पफ थांबला. “तुम्हाला गरज नाही!” सगळे मनमोकळे हसले. मीही हसलो, जरा उशिरा.

रोमा लोकांचं मूळ भारतातलंच, तेव्हा नातं होतंच. पण पहिल्या अंकाच्या शेवटी जिप्सी मूल उचलून पळतो आणि सगळा रंगमंच ओरडतो, तिथे माझ्या हातातली खंजिरी वाजेना. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला 1 जुलै 2018 रोजी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. भिक्षा मागत फिरणारी माणसं. मुलं पळवणारी टोळी आलीय, अशी अफवा होती. मी हे सांगितल्यावर दिग्दर्शिका बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “पण गोष्ट तीच आहे ना, काय करणार?” गोष्ट तीच होती. शेवटी अर्लीन काउंटची लेक ठरते, थॅडियस खानदानी निघतो, लग्न जमतं. गोळी लागून मरते ती जिप्सींची राणी. मला राग आला होता आणि खंजिरी तालात वाजवायची होती. दोन्ही एकदम जमत नाही.

प्रयोगाला तिसऱ्या अंकात दंतवैद्यांनी थॅडियसचं ते प्रसिद्ध पद म्हटलं. तान नाही, मुरकी नाही, नुसता सरळ सूर. मेल्याने इतकं सुरेख गायलं, की माझे डोळे भरून आले आणि त्याचाही मला राग आला. तेवढ्यात मागच्या रांगेतून खणखणीत आवाज आला, “वन्समोअर!”

बायको होती.

दंतवैद्य गडबडले, पियानोवाल्या बाईंनी त्यांना सूर दिला आणि ते पुन्हा गायले. परतताना गाडीत मी बोलत नव्हतो.

“अहो, तुमची खंजिरीपण छान वाजली हं,” ती म्हणाली. “दुसऱ्या अंकात जरा मागे पडत होती, तेवढंच.”