चप्पल हुंगवायला आल्या!

"अहो वहिनी, या जरा गडग्यापाशी. मोठ्याने नको, खालच्या काकूंचे कान तिखट आहेत."

"रात्री तुमच्याकडे कसला गो गोंधळ? आमचे हे म्हणाले, कुत्रा पिसाळला की काय."

"तोंडाला फेस बघून कोणालाही तसंच वाटेल. पण बंड्याची लस झालेय, आणि मी डोळ्यांनी बघितलं ना! पाऊस पडून गेलेला. पायरीखाली तो खरखरीत अंगाचा थोरला बेडूक, तो ह्याने उचललान तोंडात. त्याच्या डोळ्यांमागे फुगीर गाठी असतात ना, त्यातून पांढरा चीक सुटतो. टाकलान लगेच, पण मग लाळ काय, फेस काय, पंजाने तोंड ओरबाडतोय, हिरड्या लालबुंद!"

"अगो बाई! मग?"

"मग काय, अख्खी वाडी वैद्य. एक म्हणे मिठाचं पाणी पाजा, ओकून टाकील. काकू एका हातात कांदा नि दुसऱ्या हातात चप्पल घेऊन हजर, हुंगवायला! म्हटलं, चप्पल घाला पायात नि कांदा घाला पोह्यांत. पुतणी आहे ना शिरवळला, पशुवैद्यकीला, तिला लावला फोन. म्हणाली, आधी टॉवेलात गच्च गुंडाळा, कळवळलं की घरचंही चावतं. मग ओलं फडकं बोटाला गुंडाळून हिरड्या, जीभ, टाळू पुसत राहा, दर वेळी फडकं धुवून. दहा मिनिटं तरी. पाणी सोडायचं तर मान खाली करून, ह्या गालातून त्या गालातून बाहेर. घशात गेलं तर छातीत उतरायचं."

"आणि मीठ?"

"नाव काढू नका म्हणाली. एवढ्याशा जिवाला मीठच बाधायचं. दूध, हळद, तेल, काही नको. तोल गेला, बुबुळं मोठी झाली, झटका आला, तर मात्र पुसत बसायचं नाही, तडक डॉक्टर. ह्यांनी रिक्षा दारात उभीच करून ठेवली होती."

"लागली का?"

"नाही हो, तासाभरात लाळ थांबली. तरी सकाळी दाखवून आणलंच, छातीचे ठोके तपासून घेतले. पण ह्याला अक्कल कुठची? आत्ता पुन्हा त्याच पायरीखाली नाक! आता काळोख पडला की साखळीशिवाय बाहेर नाही."

"आणि काकू?"

"त्या सांगत सुटल्यात वाडीभर, माझ्या चपलेनेच उठला म्हणून!"