शिट्टी तशी नव्हती

सातारा-सांगली पट्ट्यात साठी ओलांडलेला एक खास गृहस्थ आढळतो. आपण त्याला इंजिनकाका म्हणू. साताऱ्यात तो पेठेतल्या जुन्या घरात राहतो, सांगलीत विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये. निवृत्त झाल्यावर बाकीचे लोक ज्येष्ठ नागरिक संघात जाऊन गुडघ्यांवर चर्चा करतात. हा परदेशातल्या मुलाकडून वीतभर लांबीचं वाफेचं इंजिन मागवतो. मुलाला वाटतं, बाबा नातवासाठी मागवताहेत. नातवाला इंजिनाला हात लावायची परवानगी नाही.

इंजिन धावतं छान, पण मुकाट धावतं. हे काकांना सोसवत नाही. मग त्यात डिजिटल ध्वनी-डीकोडर बसवायचं ठरतं. डीकोडर म्हणजे बोटाच्या पेराएवढी पट्टी. रुळांतून आलेले हुकूम ती वाचते, मोटर फिरवते, दिवा लावते आणि पोटात साठवलेला आवाज स्पीकरमधून काढते. खऱ्या इंजिनाचा कोळसा जिथे असतो त्या टेंडरमध्ये तिची सोय होते. लाल-काळी तार रुळांची, नारिंगी-करडी मोटरची, पांढरी पुढच्या दिव्याची, निळी दिव्यांची सामाईक, हे काकांना तोंडपाठ आहे. घरातला फ्यूज उडाला की मात्र वायरमनला फोन जातो.

यातली मुख्य मेख अशी, की मोटरचं एकही टोक इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला टेकता कामा नये. टेकलं की डीकोडर जळतो. काकांचा पहिला असाच जळला आणि इंजिनातून खरोखरीचा धूर निघाला. काकू म्हणाल्या, "अहो, किती हुबेहूब! आता आवाजाचा खर्च कशाला?"

दुसरा डीकोडर टिकला, पण आवाज डास गुणगुणावा तसा आला. उघड्या स्पीकरच्या पुढची आणि मागची हवा एकमेकींचा आवाज खाऊन टाकतात. त्यामुळे त्याला मागून बंद पेटी लागते. हे कुठल्याही माहितीपत्रकात मिळालं असतं, पण काका सल्ल्यासाठी थेट मिरजेत तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या गल्लीत गेले. पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे घडवणाऱ्या कारागिरानं तो नखाएवढा स्पीकर तळहातावर घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "काका, एवढा लहान भोपळा पिकत नाही."

पेटी शेवटी प्लास्टिकची झाली आणि इंजिन बोललं. काका डोळे मिटून बोटांवर मोजू लागले. दोन सिलिंडर, प्रत्येकात वाफ दोन्ही बाजूंनी ढकलणार, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला चार भपकारे. तीन ऐकू आले तर काका जेवत नाहीत. त्यांच्यासमोर कुणी 'झुकझुक' म्हणालं तर त्याची रवानगी बालवाडीत होते.

इथवर सगळं तंत्राचं होतं. खरं भांडण शिट्टीपासून सुरू होतं. डीकोडरमध्ये भरून मिळणारे आवाज बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या इंजिनांचे. काकांना हवी पुणे-मिरज मीटरगेजची शिट्टी. हा मार्ग १९७१मध्ये ब्रॉडगेज झाला. त्या शिट्टीचं रेकॉर्डिंग या मंडळींपैकी कुणाकडेही नाही, त्यामुळे ती कशी होती याबद्दल प्रत्येकाची बालंबाल खात्री आहे.

साताऱ्याचे काका सांगतात, लोणंद सोडून गाडी आदर्कीचा चढ चढायला लागली की शिट्टीलाही धाप लागायची. सांगलीचे काका हसतात. "चढ? अहो, आमच्या मिरजेत ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइटची नॅरोगेज, तिन्ही एका जंक्शनात नांदत होती. तिन्हींच्या शिट्ट्या अंथरुणात पडून ओळखायचो आम्ही." शेणोलीच्या बाजूचे तिसरे एक काका आहेत. ७ जून १९४३ला इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या तुफान सेनेनं शेणोलीजवळ पगाराची गाडी अडवून लुटली, ती हकीकत त्यांनी वडिलांकडून ऐकलेली. त्यांची अट एकच: "शिट्टी मधेच तुटली पायजे!"

मग एका रविवारी संयुक्त चाचणी ठरते. साताऱ्याहून कंदी पेढे येतात, सांगलीतून भडंग. दोन्ही काकांची इंजिनं एकाच रुळावर समोरासमोर ठेवली जातात. नव्या डीकोडरचा कारखान्यातून येणारा पत्ता ३ असतो. तो बदलायचा असतो, नाहीतर एकच हुकूम दोन्ही इंजिनं ऐकतात. पाहुण्यानं बदलावा असं यजमानांचं मत, यजमानांनी बदलावा असं पाहुण्यांचं. एक बटण दाबताच दोन्ही इंजिनं निघतात, दोन्ही शिट्ट्या देतात आणि पेढ्यांच्या खोक्यापाशी एकमेकांना भिडतात. अपघाताच्या चौकशीत पहिला मुद्दा निघतो, की धडकेआधीची शिट्टी कुणाची जास्त चुकीची होती.

अखेर एका शहाण्या भाच्यानं तोडगा काढला: मिरजेच्या रेल्वे कॉलनीतून ऐंशी उलटलेल्या एका निवृत्त फायरमनना बोलवायचं. ज्यांनी आयुष्यभर भट्टीत कोळसा टाकला, त्यांचा शब्द अखेरचा. आजोबा आले, खुर्चीत बसले. इंजिन निघालं, चार भपकारे पडले, शिट्टी झाली. तिन्ही काका श्वास रोखून उभे.

"बरोबर आहे का, आजोबा?"

आजोबांनी कानामागे हात धरला. "काय म्हनला? मोठ्यानं बोला जरा. भट्टीपुढं उमर गेली, कान तवाच गेलं."

खोलीत क्षणभर कुणी बोललं नाही. मग साताऱ्याचे काका सांगलीच्या काकांकडे वळले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं.

"बघा! म्हणजे आपला आवाज फारच कमी आहे."

आणि दोघे मिळून व्हॉल्यूम वाढवायला बसले.