टनेजअण्णा

पैठणचा डावा कालवा जालना जिल्ह्यात अंबड-घनसावंगीच्या ज्या ज्या शिवारातून जातो, तिथल्या प्रत्येक गावात एक टनेजअण्णा असतात. खरं नाव वेगळं असतं. पण ते फक्त सातबाऱ्याला आणि सोसायटीच्या थकबाकीच्या यादीला ठाऊक. गाव त्यांना ओळखतं ते त्यांच्या एका प्रश्नावरून. मयतीला गेले तरी अण्णा टोपी नीट करतात, दोन मिनिटं मान खाली घालून बसतात आणि मग शेजारच्याला हळूच विचारतात, "काय हो, यांच्या उसाला औंदा टनेज किती बसलं?"

अण्णांच्या वडलांच्या रानात ज्वारी आणि कापूस. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी केली, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचं उद्घाटन झालं. पुढे कालव्याचं पाणी शिवारात पोचलं, आणि त्याआधीच ते लग्नपत्रिकेत पोचलं होतं. घरातल्या पहिल्या लग्नात वडलांच्या नावापुढे छापलं गेलं, 'प्रगतशील बागायतदार'. तेव्हापासून या घरात ऊस हटलेला नाही. कोरडवाहू म्हणवून घेण्यापेक्षा अण्णा कर्ज काढतील, काढतातही.

अण्णांचा धंद्याचा हिशेब अशाच एखाद्या पत्रिकेच्या पाठीवर असतो. एकरी चाळीस हजार ऊस, एका उसाचं वजन अडीच किलो, म्हणजे एकरी शंभर टन. हे गणित खोटं नाही. ऊसशेतीच्या शिबिरात तज्ज्ञही हेच मांडतात. फक्त त्यांच्या गणितात माती परीक्षण, बेणेप्रक्रिया, पाच फुटी सरी आणि ठिबक असतं. अण्णांनी शिबिरातून गणित तेवढं घरी आणलं, बाकीचं सगळं तिथंच ठेवलं.

पुरावा मागायची सोय नाही. मागितलात, की अण्णा तुम्हाला रानात नेतात. पाच एकराचा फड सोडून ते थेट उकिरड्यालगतच्या कोपऱ्यात शिरतात, मोटारीच्या पाइपाची गळती जिथं बारमाही झिरपते तिथं. तिथला मनगटाएवढा एक ऊस कोयत्यानं बुडापासून तोडतात, पाचट सोलतात, वाढं छाटतात, कांड्या मोठ्यानं मोजतात आणि किराणा दुकानातून आणलेल्या ताणकाट्याला लटकवतात. काटा दोन किलो सातशे दाखवतो. "जाऊ द्या, अडीचच धरा," अण्णा उदारपणे म्हणतात. उरलेले एक लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव ऊस वाऱ्यावर डुलत ते ऐकत असतात.

वाण मात्र ठरलेला: २६५. शहाऐंशी-शून्य-बत्तीसला साखर चांगली, म्हणून कारखान्याला तो हवासा. २६५ ला वजन चांगलं, म्हणून अण्णांना तो हवासा. "साखर कारखान्यानं बघावी. आपल्याला वजनाचे पैसे," हे त्यांचं अर्थशास्त्र. साखरेच्या उताऱ्यावरूनच भाव ठरतो, हे कुणी सांगायला लागलं की अण्णांना ऐकू कमी येतं.

भावाचा आकडा तर त्यांना देवाच्या नावासारखा पाठ. २०२४-२५ ची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान भाव, टनाला ३,४०० रुपये. शंभर टनांचे तीन लाख चाळीस हजार, पाच एकराचे सतरा लाख. एकदा पुतण्यानं धीर करून विचारलं, "अण्णा, पण ३,४०० सव्वादहा टक्के उताऱ्याला ना? आणि त्यातून तोडणी-वाहतूक?"

"तोडणी-वाहतूक कारखाना बघतो."

कारखाना बघतोच. तो बघतो, आणि टनामागे आठशे-नऊशे रुपये अण्णांच्या बिलातून कापतो. पण पत्रिकेच्या पाठीवर तेवढी जागा उरलेली नसते.

खर्चाच्या बाजूला पाणीसुद्धा नसतं. उसाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाणी लागतं. जालन्याचं आभाळ वर्षाला सातशेच्या आतबाहेर देतं. उरलेलं कालव्याच्या पाळीनं, आणि पाळी लांबली की बोअरनं भागवायचं. रानात चार बोअर आहेत, त्यातलं एक चालू. लाईट रात्री येते. पाणी 'मोकाट', अण्णा बांधावर, आणि घरी काकू हिशेब करत जाग्या. या घरात खर्च लिहून ठेवणारी वही एकच, ती काकूंची, आणि ती पिठाच्या डब्यामागे असते.

लागणीनंतर अण्णा एका ठिकाणी नोंद करून थांबत नाहीत. तीन कारखान्यांकडे करतात. कुणीतरी नेईलच. दिवाळी झाली की मात्र या माणसाचा स्वभावच पालटतो. एरवी तहसीलदारालाही 'अरे बाबा' म्हणणारे अण्णा कारखान्याच्या बाविशीतल्या चिटबॉयला 'साहेब' म्हणू लागतात. साहेबांची मोटारसायकल फाट्यावर वाजली की घरात कोंबडी सावध होते. साहेब जेवतात, "पुढच्या आठवड्यात तोड देतो" म्हणतात आणि जातात. पुढचा आठवडा येतो, साहेबही येतात, तोड येत नाही. गंमत म्हणजे याच जिल्ह्यातली कितीतरी बिऱ्हाडं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात ऊस तोडायला गेलेली असतात, आणि अण्णा इकडे टोळीसाठी मुकादमाचे पाय धरत असतात.

२०२१-२२ च्या हंगामात राज्यात ऊस इतका झाला की गाळप जूनपर्यंत चाललं. मराठवाड्यात फडच्या फड उभे. अण्णांच्या उसाला तुरे फुटले, कांड्या आतून पोकळ झाल्या. अखेर मे महिन्याच्या उन्हात टोळी आली. तिला एकरी पैसे वेगळे, ड्रायव्हरला 'एंट्री' वेगळी, सगळ्यांना मटण वेगळं. सरकारनं १ मेनंतरच्या उसाला उतारा घटल्याबद्दल टनाला २०० रुपये आणि ५० किलोमीटरपलीकडच्या वाहतुकीला प्रति टन, प्रति किलोमीटर ५ रुपये अनुदान जाहीर केलं. अण्णांनी दोन्ही आकडे नफ्यात धरले. शेवटची ट्रॉली निघाली तेव्हा त्यांनी तिच्या पुढच्या उसाला हार घातला, नारळ फोडला आणि डोळे पुसले. काकू म्हणाल्या, "लेकीच्या पाठवणीलासुद्धा एवढे रडले नव्हते."

वजनाचा मेसेज आला: एकरी अडतीस टन. शंभरातले उरलेले बासष्ट टन काट्यानं खाल्ले, असं अण्णांचं ठाम मत आहे.

अण्णांना हसावं आणि सोडून द्यावं, असं वाटतं खरं. पण त्यांच्या बांधावरून जरा इकडेतिकडे पाहा. जालन्याची मोसंबी नावाजलेली, भौगोलिक मानांकन मिळवलेली. २०१२-१३ च्या दुष्काळात तिच्या बागा वाळल्या आणि लोकांनी पंधरा-पंधरा वर्षांची झाडं कुऱ्हाड लावून सरपणात काढली. कापसाला गुलाबी बोंडअळी. सोयाबीनचा हमीभाव पेपरात छापून येतो, आडतीवर त्याला कुणी ओळख देत नाही. उसाचं तसं नाही. भाव हंगामाआधी जाहीर, बिल चौदा दिवसांत द्यायचं असा १९६६ पासूनचा कायदा. आता ते बिल कायदा वाचून येत नाही, ही गोष्ट निराळी. गारपिटीनं लोळला तरी ऊस पुन्हा मान वर करतो. सोसायटी त्यावर कर्ज देते. आणि माल न्यायला गिऱ्हाईक स्वतःची गाडी घेऊन बांधावर येतं. बाकीच्या पिकांत काय हाती लागेल ते कुणी सांगू शकत नाही. उसात किती हाती लागणार नाही, हे अण्णांना आधीपासून माहीत असतं. शेतकऱ्याच्या धंद्यात याला खात्रीचं उत्पन्न म्हणतात.

बिल जमा झालं त्या संध्याकाळी थोरला मुलगा काकूंची वही आणि मोबाइल घेऊन बसला. बेणं, नांगरट, खताच्या गोण्या, बांधणी, बोअर, व्याज, मटण. बराच वेळ बोटं चालली.

"अण्णा, अठरा महिन्यांचं सगळं धरलं तर निव्वळ किती राहिलं, सांगू का?"

"निव्वळ मोंढ्यातले व्यापारी बघतात," अण्णा म्हणाले. "आपण बागायतदार. खोडव्याला पाणी सोडलंस का? त्याला तर बेण्याचाही खर्च नाही. कमीत कमी ऐंशी टन धर."