टबाचा भाव

लातुरात गरम पाण्याचा टब घ्यायचा तर घासाघीस रीतसर करावी. छापील किमतीकडे बघून आधी हसायचं. मग शोरूममध्ये मांडून ठेवलेला नमुन्याचाच टब मागायचा. झाकण, वायरिंग आणि गच्चीवर चढवायची क्रेन यांचे पैसे आधीच ठरवायचे, कारण टबात सोडलेली रक्कम दुकानदार तिथंच वसूल करतो. शेवटी हुकमी पत्ता: ‘मे महिन्यात आमच्या टाकीचं पाणी आपोआप तापतं, तेव्हा हीटरचे कापा.’ बोअरच्या पाण्याचे क्षार वॉरंटीत बसतात का, एवढं विचारलं की ‘मालक, चहा घेणार?’ असं उत्तर येतं.

राहता राहिलं टब भरणं. चौघांच्या टबाला हजारेक लिटर लागतात. २०१६च्या एप्रिलात याच शहरासाठी दुष्काळात मिरजेहून पाण्याची ‘जलदूत’ रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याआधी पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लागली होती. मे महिन्यात रेल्वेनं सुमारे सव्वासहा कोटी लिटरच्या वाहतुकीचं चार कोटींचं बिल जिल्हा प्रशासनाला धाडलं. बोभाटा झाल्यावर खुलासा आला की बिल प्रशासनानंच मागितलं होतं. असं गिऱ्हाईक टबवाल्याला सात जन्मांत मिळायचं नाही!

त्या बिलाच्या हिशेबानं लिटरला साठ-पासष्ट पैसे पडले. हा दर टँकरवाल्याला ऐकवून बघा, तोही भर उन्हाळ्यात. नांदेडकरांचं बरं, उशाला गोदावरी आणि विष्णुपुरीचं धरण. त्यांना फक्त टबाच्याच भावावर भांडायचं असतं. निदान लातूरकरांची तशी समजूत आहे.