पंचाच्या नावानं

सेंट लुईस कार्डिनल्स या बेसबॉल संघाचा चाहता कितीही सज्जन असो, त्याच्यासमोर डॉन डेन्किंजर हे नाव काढू नये. १९८५ची वर्ल्ड सीरिज, सहावा सामना, समोर त्याच मिझुरी राज्यातले कॅन्सस सिटी रॉयल्स. नवव्या डावात कार्डिनल्स १-० पुढे, जेतेपद तीन बळींवर. रॉयल्सचा होर्हे ओर्टा पहिल्या बेसवर धडधडीत बाद होता. पंच डेन्किंजर यांनी हात फैलावून त्याला नाबाद ठरवलं. झालं!

आता, त्याच डावात जॅक क्लार्कनं सोपा झेल अंदाज चुकून सोडला. कॅचर डॅरेल पोर्टरच्या हातून चेंडू निसटला. आणि खुद्द ओर्टा? तो पुढे तिसऱ्या बेसवर बाद झाला, त्यानं धाव काढलीच नाही! तो सामना कार्डिनल्सच्या हातून गेला आणि दुसऱ्या दिवशी निर्णायक सामनाही त्यांनी ११-० असा गमावला. पण हे चाहत्याला सांगून बघा. त्याच्या हिशेबी त्या अकराच्या अकरा धावा डेन्किंजरच्याच नावावर जमा आहेत. यात सर्वांत तावातावानं भांडणारे बहुधा तेव्हा जन्मलेलेही नसतात. वैर मात्र वडिलोपार्जित, सातबाऱ्यासकट आलेलं.

२०१४पासून असे बरेच निर्णय चित्रफीत पाहून फिरवता येतात. २०२६पासून तर स्ट्राइक की बॉल यावरही खेळाडूनं डोक्यावर टपली मारली की यंत्राकडे दाद मागता येते. खेळाडूंची सोय झाली. प्रेक्षकानं काय करायचं? कॅमेऱ्याला ‘चष्मा लाव’ म्हणून कसं ओरडणार?