बघितलं का?

सेलूच्या मोंढ्यात दाजींची आडत आहे. ते नेमके कोणाचे दाजी हे आता त्यांनाही आठवत नसावं. हमालापासून बँकेच्या साहेबापर्यंत सगळे त्यांना दाजीच म्हणतात. पूर्वी दुकानात पाय ठेवला की "या, बसा, चहा सांगतो" हे ठरलेलं होतं. चहा आजही येतो, पण त्याच्या आधी प्रश्न येतो, "बघितलं का?"

काय बघितलं, असं उलट विचारणारा माणूस परगावचा समजावा. दाजींनी पहाटे ठेवलेलं स्टेटस! व्हॉट्सॲपने 2017 साली ही सोय काढली आणि दाजींना जन्माचा उद्योग मिळाला. चोवीस तासांनी ते आपोआप पुसलं जातं, म्हणजे रोज नवा माल मांडायला गाळा रिकामा. एकादशीला गंगाखेडच्या जनाबाई. गुरुवारी साईबाबा; आता बाबा जन्माने पाथरीचे की कुठले, हा आपल्या परभणी जिल्ह्यातला नाजूक विषय, म्हणून दाजी आडत्याला शोभेल अशा मधल्या भावाने पाथरी आणि शिर्डी दोन्हीकडचे फोटो लावतात. दहाला सोयाबीनचा दर. मग कोणाचा तरी वाढदिवस, कोणाला तरी श्रद्धांजली. श्रद्धांजलीत दाजींचा हात कोणी धरत नाही. एकदा तर त्यांनी दवाखान्यात असलेल्या एका पाटलांना घाईघाईने वाहून टाकली, आणि स्टेटस बघणाऱ्यांच्या यादीत तिसरं नाव खुद्द पाटलांचंच निघालं. दाजी ओशाळले नाहीत. "बघायलेत म्हणजे तब्येतीला उतार पडायलाय," म्हणाले.

जूनमध्ये मात्र सगळं बाजूला पडतं. पावसाचे अंदाज सांगणारे पंजाबराव डख आमच्याच तालुक्यातले, गुगळी धामणगावचे. अंदाज सांगता सांगता माणूस इतका घरोघरी पोचला की 2024 ला परभणीतून लोकसभेलाही उभा राहिला. त्यांचा व्हिडिओ आला की तो पहिल्यांदा आपल्याच स्टेटसला दिसावा, ही दाजींची खरीपपूर्व मशागत. पाऊस पडो न पडो.

पण स्टेटस ठेवणं हे निमित्त. खरं काम पुढे सुरू होतं. चष्मा कपाळावर, फोन नाकापाशी, अंगठ्याने यादी वर ओढायची आणि कोण कोण बघून गेलं ते वाचायचं. समोर मापाडी ओरडतोय, काट्यावर कट्टे चढताहेत, आणि दाजी स्वतःशीच पुटपुटताहेत, "व्याही सात दहाला बघून गेले. काल सहा चाळीसला बघितलं होतं. काही बिनसलं का हो?" अर्ध्या तासाचा उशीर का झाला यावर त्यांनी दुपारपर्यंत विचार केला. शेवटी मुलीला फोन. तिकडे लाइट गेली होती.

त्यांचा पुतण्या परभणीच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकतो. त्याने एकदा गादीवर बसून काकांना समजावलं. स्किनर नावाचे अमेरिकन प्राध्यापक होते. त्यांनी पारव्यांना पेटीत ठेवून बटणावर चोच मारायला शिकवलं. ठरलेल्या टोचीला दाणा मिळत गेला आणि मग बंद झाला, तर पारवा लवकरच नाद सोडी. पण दाणा कधी दुसऱ्या टोचीला, कधी पन्नासाव्या टोचीला, काही नेमच नाही असं केलं, की पारवा टोचतच राही. दाणे बंद झाले तरी कितीतरी वेळ. मटक्याचंही हेच. रोज नक्की लागणारा मटका असता तर तो पगार झाला असता, आकडा लावायला रात्रीची झोप कोणी मोडली नसती. "काका, तुम्ही यादी उघडता तेव्हा नवं नाव असेल का नाही हे ठाऊक नसतं. म्हणून परत परत उघडता."

दाजींनी सगळं शांतपणे ऐकलं. बाहेर सोयाबीनच्या ढिगावर खरेखुरे पारवे उतरले होते. दाजी उठले, फोटो काढला, खाली लिहिलं 'पारव्याकडून शिकण्यासारखं' आणि स्टेटसला लावला. पाच मिनिटांनी यादी उघडली.

मला विचाराल तर दाजींना फोनचा नाद नाही. रील त्यांना कळत नाहीत. ते खातं काकूंकडे. पंधरा वर्षांपूर्वी हाच माणूस सकाळी मोंढ्यात शिरला की गेटपासून गादीपर्यंत राम राम घेता घेता अर्धा तास जायचा. शेतकरी भाव विचारायला येत, भावाआधी घरचं बोलत. आता भाव बांधावरच कळतो. माल टेम्पोने येतो, पैसे खात्यावर जातात, माणूस येतोच असं नाही. गेलेल्या राम रामाच्या मागे मागे दाजी फोनात शिरले आणि तिथे यादी सापडली. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद राहतात, ही बातमी दाजींना फार आवडली. त्यांनी ती सव्वासातला स्टेटसला ठेवली.

मध्यंतरी भलतंच घडलं. एका शेतकऱ्याच्या पट्टीचे पैसे राहिले होते. तो मेसेज टाकी, दाजी वाचत, ब्लू टिक पडे आणि लगेच फोन, "दाजी, वाचलंय की तुम्ही." वैतागून दाजींनी पुतण्याकडून त्या टिकाच बंद करून घेतल्या. रात्री गाढ झोपले. सकाळी स्टेटस ठेवलं, यादी उघडली, तर एकही नाव नाही. स्वतःच्या टिका लपवल्या की आपलं स्टेटस कोणी बघितलं तेही कळत नाही, हा त्या कंपनीचा रोखठोक व्यवहार पुतण्याने सांगितलाच नव्हता. दाजी दुकानादुकानांतून फिरले. "बघितलं का?" "कवाच बघितलं दाजी!" सगळे सांगत होते, पण तोंडी साक्षीवर त्यांचा विश्वास बसेना. दुपारच्या आत टिका परत चालू झाल्या आणि संध्याकाळी त्या शेतकऱ्याच्या खात्यावर पैसे पडले.

ही गोष्ट आसपासच्या गावांत पोचायला वेळ लागला नाही. आता दाजींकडे येणं असलेली माणसं फोन करत नाहीत, चकरा मारत नाहीत. ती फक्त दाजींचं स्टेटस बघणं बंद करतात. दोन दिवस, फार तर तीन. मग दाजींचाच फोन जातो, "काय पावणे, रागावलात का आमच्यावर? दिसंना झालात!"

"रागावायचं काय, दाजी," पलीकडून उत्तर येतं, "ते तेवढं पट्टीचं बघितलं का?"