बांबूचे भाडे मिळणेबाबत

प्रति,
कव्हरेजचा नकाशा रंगवणारे साहेब,
मोबाइल कंपनी, मु. पो. वातानुकूलित कक्ष.

महोदय,

स. न. वि. वि. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२४ च्या नियमांमुळे कंपन्यांना कव्हरेजचे नकाशे लोकांपुढे ठेवावे लागले आणि तुमची कला पाहण्याचा योग आला. शिरूर आणि दौंडमधून वाहणारी भीमा, दोन्ही काठांचे मळे, वस्त्या, सगळं एकाच रंगात न्हाऊन निघालंय. आमची वस्तीही त्यात आहे. तिथं ती फार सुखात दिसते.

तुमचं काही चुकलेलं नाही. तुम्ही मोकळं रान रंगवलंत; आम्हीच हट्टानं घरात राहतो, तेही पत्र्याच्या. पत्रा लहरींना उंबऱ्यावरूनच माघारी धाडतो. भोवती ऊस. त्याची ओली पानं लहरी शोषून घेतात, म्हणून ऊस डोक्यावर गेला की रेंज पातळ होते आणि टोळीनं फड मोकळा केला की परत येते. गळीत हंगामाकडं इतर गावांत मोठी माणसं डोळे लावून बसतात. आमच्याकडं पोरंही बसतात, ऑनलाइन क्लाससाठी.

शेवटी आम्हीच हातपाय हलवले. फोनला बाहेरचा अँटेना जोडायची सोय नसते, म्हणून सिमवर चालणारा राऊटर आणला, एकाच दिशेनं ऐकणारा अँटेना आणला आणि पाण्याच्या टाकीशेजारी बांबू उभा केला. मी वर, लेक खाली राऊटरचं पान उघडून रेंजचा आकडा वाचतेय. "उणे एकशे बारा... एकशे तेरा... पप्पा, उसाकडं नको, नदीकडं फिरवा... एकशे दोन! हलवू नका आता!" उणे ११२ चे उणे १०२ झाले. फरक दहाच आकड्यांचा, पण या मोजणीत दहा म्हणजे ताकद दहापट. आम्ही राहतो शिरूर तालुक्यात, टॉवर लागला नदीपलीकडचा, दौंडचा. नदीत ऊस लावत नाहीत, एवढंच त्यामागचं शास्त्र.

बारीक आणि लांबलचक केबल आलेली सगळी कमाई वाटेतच खाते, हेही कळलं. म्हणून राऊटर पाणी न शिरणाऱ्या डब्यात घालून वरच बांधला. दुकानदार बूस्टर गळ्यात मारत होता. परवानगीवाचून तो लावणं बेकायदा, कारण तो तुमच्याच टॉवरच्या कानाशी गोंगाट करतो. अँटेना बिचारा हवेत असेल तेवढंच गोळा करतो. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

लहरी टिपायचं हे शास्त्र आमच्या जिल्ह्याला नवं नाही. जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या आसपास जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेली हायड्रोजनची कुजबुज त्या टिपतात. साहेब, तिथल्या आकाशगंगा लांब आहेत म्हणून एवढा खटाटोप. आम्ही तर तुमच्या कव्हरेजच्या आत आहोत, तरी ई-पीक पाहणीचा फोटो चढवायला आणि बँकेचा ओटीपी उतरवायला बांबू उभारावा लागतो.

म्हणून हा अर्ज. टॉवरला रान देणाऱ्याला भाडं मिळतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. तुमचा टॉवर जिथं दमतो, तिथून उंबऱ्यापर्यंतचा पल्ला आमचा बांबू, आमची केबल आणि आमची वीज पार पाडते. तुमच्या नकाशातला रंग खरा ठरतो तो त्यांच्यामुळं. तेव्हा बांबूही तुमच्याच जाळ्याचा भाग धरावा आणि त्याचं भाडं आमच्या रिचार्जमधून वळतं करावं.

ते जमणार नसेल, तर आमच्या वस्तीवरचा तेवढा रंग खरवडून काढावा. आमचं काही अडणार नाही. बांबू आहेच.

कळावे,
आपला,
भीमेच्या उत्तर काठचा एक रंगीत ग्राहक

सोबत : बांबू, केबल व क्लॅम्पची पावती.